स्वस्थ बसणे आणि स्वस्थ असणे
(वर्धापनोत्सवातील व्याख्यान)

 

वर्धापनोत्सवात पाठशाळेतर्फे एखाद्या शास्त्रीय विषयाचे विवेचन व्हावे, असा आपल्या मठाचा प्रघात आहे. यंदा ते काम माझ्यासारख्या नुकतीच तिशी ओलांडलेल्या शिष्याकडे आले. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा व्याकरणातील किंवा वेदान्तातील एखादे प्रकरण घ्यावे, असे प्रथम मनात आले. परंतु गेल्या काही वर्षांत महाप्रसादाच्या पंक्तीला जी माणसे बसताना दिसतात, त्यांनी माझे मन दुसरीकडे वळविले. वृद्ध, निराधार व यात्रेकरू हे पंक्तीला नेहमीचेच. त्यांच्या जोडीला आता धडधाकट तरुणही खाली मान घालून बसलेले आढळतात. पान वाढले की ते भरभर जेवतात आणि कोणाशी न बोलता निघून जातात. त्यांच्या हातांस काम नाही. काम गेल्याने माणसाच्या आहाराचे, झोपेचे व व्यसनांचे काय होते, आणि समाजाने वा सरकारने दिलेल्या बेकारभत्त्याने त्यात काही फरक पडतो काय, हा आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. आपल्या सीमाभागात दोन भाषा एकाच अंगणात नांदतात. मराठीत आपण ‘बेकारी’ म्हणतो. आपले कन्नड बांधव ‘निरुद्योग’ म्हणतात. ‘बेकार’ हा फारसीतून आलेला शब्द केवळ काम नाही एवढेच सांगतो. ‘उद्योग’ हा संस्कृत शब्द अधिक बोलका आहे. स्वतःला जोडून घेणे, सिद्ध होणे, झटणे असा त्याचा भाव आहे. म्हणून निरुद्योग म्हणजे माणसाची जगाशी असलेली जोडणी सुटणे. आता दुसरा शब्द पाहा. संस्कृतात निरोगी माणसाला ‘स्वस्थ’ म्हणतात. ज्याचे दोष, अग्नी व धातू सम आहेत आणि ज्याचे मन व इंद्रिये प्रसन्न आहेत, तो स्वस्थ, असे सुश्रुताने सांगितले आहे. मराठीत मात्र ‘स्वस्थ बसणे’ याचा अर्थ काहीही न करता बसणे असा झाला. ज्याच्यावर बेकारी कोसळली, तो मराठी अर्थाने स्वस्थ बसतो आणि संस्कृत अर्थाने अस्वस्थ होतो. या दोन अर्थांमधले अंतर कसे पडते, हेच आपल्याला पाहावयाचे आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘तिस्रैषणीय’ नावाचा अकरावा अध्याय आहे. माणसाच्या तीन एषणा, म्हणजे तीन मूलभूत इच्छा, त्यात सांगितल्या आहेत: पहिली प्राणाची, दुसरी धनाची, तिसरी परलोकाची. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. परलोकाचा विचार करणाऱ्या आचार्याने धनाला परलोकाच्या आधी बसविले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे. आयुष्य दीर्घ असावे पण जगण्याचे साधन नसावे, यासारखी दुर्दशा नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. शेती, पशुपालन, व्यापार व राजसेवा ही उपजीविकेची साधने तो तेथे मोजून दाखवितो. वैद्यकाच्या ग्रंथाला उपजीविकेची पंचाईत कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर त्याच अध्यायात पुढे येते. शरीराचे तीन उपस्तंभ म्हणजे आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य, असे चरक सांगतो. आणि रोगाच्या तीन कारणांपैकी एक कारण म्हणून प्रज्ञापराधाचाही उल्लेख करतो. उपजीविका, दिनचर्येचे आधार आणि रोगाची कारणे या तीन गोष्टी एकाच अध्यायात आल्या आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. धनाचा खांब हलला की आहार, निद्रा व संयम हे तिन्ही उपस्तंभ एकामागून एक कसे हलतात, याचा पडताळा आपल्याच गावांत घेता येतो.

निपाणीचे नाव निघाले की तंबाखू आठवते. या गावाच्या वखारींत आणि या परिसरातील घराघरांच्या सोप्यांत हजारो स्त्रियांचे आयुष्य तंबाखूच्या संगतीने गेले. वखारीत तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे. घरी मांडीवर सूप घेऊन पान कातरणे, विड्या वळणे, दोरा बांधणे. आणि मजुरी मोजावयाची ती हजार विड्यांमागे. १९८० च्या सुमारास या स्त्रियांनी संघटना बांधली. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या चित्रपटगटाने १९८२ साली माहितीपट तयार केला, आणि छाया दातार यांनी १९८९ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्याच काळात, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, तंबाखूला योग्य भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला. ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. एका पिकावर एका तालुक्याचे पोट किती टेकलेले असते, हे त्या दिवसांनी सर्व देशाला दाखविले.

तंबाखूचे काम शरीराला हितकर नाही, हे कोणी सांगावयास नको. वखारीतील धूळ नाकातोंडात जाते. शिंका, खोकला, डोळ्यांची जळजळ ही रोजची. दिवसभर एका आसनावर वाकून बसल्याने पाठ व मान धरते. तेव्हा असे काम बंद पडले तर त्या स्त्रियांची प्रकृती सुधारावी, असे तर्कशास्त्र सांगेल. अनुभव तसा नाही. आमच्या परिसरातील एका वयस्क विडी कामगार बाईंना मी याविषयी विचारले. त्यांनी जे उत्तर दिले ते त्यांच्याच शब्दांत सांगतो: “काम आसलं की भाकरी येळंवर पोटात जाती बघा. काम न्हाई तर च्यावर दुपार निघती, आन् मिश्री मातर दोनदाची चारदा हुती.”

या दोन वाक्यांत आहारशास्त्राचे एक प्रकरण साठविलेले आहे. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया ती दातांना लावतात. तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य भूक मारते. ज्या घरी डाळ परवडत नाही, तेथे मिश्री परवडते. आणि जेवण टळले की तिची मात्रा वाढते. हे व्यसन चैनीतून आलेले नाही, तर भुकेला गप्प बसविण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याचा परिणाम पुढे तोंडाच्या रोगांत दिसतो, गर्भवती स्त्रीच्या बाळाच्या वजनात दिसतो. परंतु आजच्या दुपारपुरते ते काम भागविते. घरातील मिळकत घटली म्हणजे ताटातून काय काय जाते, त्याचाही एक ठरलेला क्रम आहे. प्रथम फळे व दूध जाते, मग भाजी, मग डाळ. भात-भाकरी व चहा शेवटपर्यंत टिकतात. पुरुष व मुले आधी जेवतात, गृहिणी शेवटी. म्हणून टंचाईचा पहिला घाव तिच्याच ताटावर पडतो. बेकार होतो तो घरचा कर्ता, आणि रक्त कमी होते ते घरच्या बाईचे.

दुसरा उपस्तंभ निद्रा. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येला दिला आहे, आणि त्याचा आरंभ पहाटे उठण्यापासून होतो. कामावर जाणाऱ्या माणसाला दिनचर्या शिकवावी लागत नाही, भोंगा, एस्‌. टी.ची वेळ व मुकादमाची हजेरी त्याला ती शिकवितात. काम गेले की प्रथम पहाट जाते. रात्री भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहत दोन वाजतात, सकाळी दहाला डोळा उघडतो, जेवणाच्या वेळा पुढे ढकलल्या जातात, व्यायामाचा प्रश्नच उरत नाही. आमच्या पाठशाळेत पहाटे पाठ म्हणणारा मुलगा सुटीला घरी गेला तरी आठ दिवसांत त्याची घडी विस्कटते. मग ज्याला वर्षभर कोणी हाक मारून उठवीत नाही, त्याचे काय व्हावे?

याविषयी परदेशातील एक प्रसिद्ध अभ्यास आपणांस सांगितला पाहिजे. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्नाजवळ मारियेन्ताल नावाचे लहान गाव आहे. तेथील कापडगिरणी हीच गावाची अन्नदात्री. १९२९-३० मध्ये ती बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी १९३१-३२ मध्ये तेथे बारकाईने पाहणी केली, आणि १९३३ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांना काय आढळले? माणसांना वेळ भरपूर मिळाला. परंतु गावच्या ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण वाढण्याऐवजी घटले. रस्त्यावरून जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली. ते वाटेत पुनःपुन्हा थांबत. स्त्रिया मात्र तशा थांबत नसत, कारण चूल, पाणी व मुले यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता. बेकारांना जे साहाय्य मिळे ते पंधरवड्याने मिळे, आणि सबंध गावाचे खाणेपिणे त्या पंधरवड्याच्या तालावर चाले. याहोदा यांनी पुढे असा सिद्धान्त मांडला की, काम पैशाखेरीज आणखी पाच गोष्टी देते: दिवसाची आखणी, घराबाहेरील माणसांचा सहवास, सामायिक हेतू, समाजातील स्थान आणि नियमित हालचाल. वाग्भटाची दिनचर्या आणि याहोदांचा सिद्धान्त यांत मला फारसा विरोध दिसत नाही. दोघांच्याही मते शरीराला वेळेची चौकट लागते. चौकट काढून घेतली की आतील चित्र टिकत नाही.

तिसरा उपस्तंभ ब्रह्मचर्य. येथे तो शब्द मी इंद्रियसंयम या व्यापक अर्थाने घेतो. बेकार माणूस दारूकडे व मटक्याकडे वळतो, अशी आपली समजूत आहे, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि येथे थोडे सावध राहिले पाहिजे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर रूम यांनी तेथील निरनिराळ्या राज्यांची १९७२ ते १९९१ पर्यंतची आकडेवारी तपासून २००० साली असे दाखविले की, ज्या वर्षी राज्यात बेकारी वाढते, त्या वर्षी एकूण मृत्युमान उलट थोडे घटते. धूम्रपानही कमी होते. आत्महत्या मात्र वाढतात. याच्या उलट, पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७० व १९८० च्या दशकांत दीर्घकाळची नोकरी गमावलेल्या कामगारांचा अभ्यास सलिव्हन व फॉन वाख्टर यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत त्या कामगारांचे मृत्युमान अपेक्षेपेक्षा ५० ते १०० टक्क्यांनी अधिक होते, असे त्यांना आढळले.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण तसे ते नाहीत. मंदीच्या वर्षी बहुसंख्य लोकांची नोकरी शाबूत असते. त्यांचे जादा काम कमी होते, रस्त्यावरील वाहने कमी होतात, खिशात खुळखुळणारा पैसा कमी होतो. त्यांना मंदी पथ्यासारखी मानवते. ज्याच्यावर कुऱ्हाड पडते, तो मात्र पुरता खचतो. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही आपली म्हण येथे अक्षरशः लागू पडते. म्हणून बेकारीचा विचार सरासरीवरून करू नये. जात्यात कोण आहे ते पाहावे.

प्रज्ञापराधाचा मुद्दाही येथेच घेतो. हिताहित कळत असूनही अहितकर आचरण करणे म्हणजे प्रज्ञापराध. बेकार माणसाने तंबाखू वाढविली, दारू धरली, मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या, की आपण सहज म्हणतो, “त्याचा तोच दोषी.” परंतु चरकाच्या मते प्रज्ञापराध घडतो तो बुद्धी, धृती व स्मृती भ्रष्ट झाल्यामुळे. धृती म्हणजे धरून ठेवण्याची शक्ती. उद्याची चूल पेटेल की नाही, याची चिंता ज्याला रात्रंदिवस खाते, त्याची धृती शाबूत राहील कशी? गोळ्या बंद करणाऱ्याला गोळ्यांचे महत्त्व ठाऊक असते. आज तीस रुपयांची गोळी घ्यावी की तीस रुपयांची डाळ, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न असतो. त्याला पथ्याचे व्याख्यान देण्यापूर्वी तो प्रश्न आपण सोडविला पाहिजे.

आणि येथेच बेकारभत्त्याचा विचार येतो. भत्ता म्हणजे आळसाला दिलेले वर्षासन, असे पुष्कळ सज्जनांचे मत आहे. त्या मताचा आदर करून मी काही गोष्टी त्यांच्यापुढे ठेवतो. आपल्या देशात असा भत्ता फार थोड्यांना, फार थोडे दिवस आणि फार थोडा मिळत आला आहे. कामगार राज्य विमा कायदा १९४८ सालचा. त्याखाली आजारपण, बाळंतपण व अपघात यांची सोय झाली. नोकरी गेलेल्यास भत्ता देण्याची योजना मात्र २००५ साली आली. २०१८ साली दुसरी योजना आली, तीत सरासरी रोजच्या मिळकतीच्या २५ टक्के रक्कम आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत मिळावयाची होती. २०२० च्या टाळेबंदीत ते प्रमाण ५० टक्के करण्यात आले. महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती लाखोंच्या उपयोगी पडली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात अशी तरतूद होती की, मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान चतुर्थांश व नंतर किमान निम्मा भत्ता द्यावा. आपल्या कर्नाटक राज्यात १२ जानेवारी २०२४ पासून ‘युवानिधी’ योजनेखाली बेकार पदवीधरांना दरमहा ३,००० रुपये व पदविकाधारकांना १,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत, देण्यास प्रारंभ झाला.

या यादीत सोप्यावर बसून विड्या वळणारी बाई कोठे आहे? ती पदवीधर नाही. बहुधा कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नाव नाही. काम गेले याचा दाखला तिला कोणी देत नाही, कारण काम होते याचाच दाखला कित्येकदा नसतो. विडी कामगारांसाठी १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. विड्यांवरील उपकरातून दवाखाने, शिष्यवृत्त्या व घरे यांची सोय व्हावी, असा त्याचा हेतू. तो उपकर १ जुलै २०१७ पासून, वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर, रद्द झाला. साहाय्य ज्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यांना ते आळशी बनविते असे म्हणणे न्यायाचे नाही.

आता साहाय्याने प्रकृतीवर चांगला परिणाम होतो काय? अमेरिकेतील राज्यांच्या १९६८ ते २००८ या काळातील माहितीवरून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्या राज्यांत बेकारभत्ता अधिक उदार, तेथे बेकारी वाढली तरी आत्महत्यांचे प्रमाण त्या मानाने कमी वाढते. आपल्याकडील एक उदाहरण देतो. क्षयरोग्यास उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट खात्यात देण्याची योजना केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये सुरू केली. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये करण्यात आली. क्षयाचा उपचार निदान सहा महिने चालतो. त्या काळात अशक्तपणामुळे रोजगार बुडतो, रोजगार बुडाला की अन्न घटते, अन्न घटले की औषध सोसत नाही, आणि औषध सुटले की रोग बळावतो. हे चक्र कोठेतरी तोडावयाचे तर अन्नाच्या जागी तोडावे, असा त्या योजनेचा आशय आहे. बेकाराच्या भत्त्याकडेही मी याच दृष्टीने पाहतो. तो धृतीला दिलेला टेकू आहे.

तथापि केवळ पैसा पुरेसा नाही, हेही तितकेच खरे. मारियेन्तालच्या लोकांना साहाय्य मिळत होते, तरी त्यांची पावले मंदावलीच. भत्ता ताट भरू शकतो; पहाटे उठवू शकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकाने चाळीस दिवस बंद होती. त्या काळात पुष्कळांची सवय मोडली असेल, असे वाटत होते. ४ मे रोजी कर्नाटकात व महाराष्ट्रात दुकाने उघडली, तेव्हा ज्या रांगा लागल्या त्या सर्वांनी पाहिल्या. सवय केवळ वस्तू काढून घेतल्याने मोडत नाही, आणि केवळ पैसे दिल्यानेही सुधारत नाही. तिच्या जागी दुसरे काही बसवावे लागते.

येथे आपल्या भागाचा एक अवघड प्रश्न आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे भारतातील २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होत्या. तंबाखू सोडा, असे या व्यासपीठावरून सांगणे माझे कर्तव्य आहे. परंतु समोर बसलेल्या कित्येक मातांची चूल त्याच तंबाखूवर पेटते. १ एप्रिल २०१६ पासून विडीच्या पुड्यावर ८५ टक्के जागेत धोक्याचे चित्र छापण्याचा नियम लागू झाला, तेव्हा देशात अनेक विडी कारखानदारांनी उत्पादन थांबविले आणि विडी वळणाऱ्या स्त्रिया घरी बसल्या. नियम आरोग्यासाठी होता. त्याची पहिली झळ बसली ती ज्यांची प्रकृती आधीच नाजूक त्यांना. यावर उपाय नियम मोडण्याचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या तंबाखू-नियंत्रण करारास भारताने २००४ साली मान्यता दिली, त्याच्या सतराव्या कलमात तंबाखूचे शेतकरी व कामगार यांना दुसऱ्या किफायतशीर उद्योगासाठी साहाय्य देण्याचे तत्त्व आहे. एका हाताने काम काढून घ्यावयाचे असेल, तर दुसऱ्या हातात आधी काहीतरी असले पाहिजे. कलम कागदावर आहे. ते निपाणीच्या गल्लीत यावे, एवढेच आपण मागितले पाहिजे.

मग आपण स्वतः काय करावे? चार गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली गोष्ट बेकार बांधवांसाठी. काम गेले तरी पहाट सोडू नका. उठण्याची, जेवणाची व निजण्याची वेळ कामावर असताना होती तीच ठेवा. रोज घराबाहेर पडा, आणि घरातील पाणी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यांत वाटा घ्या. मारियेन्तालच्या स्त्रियांना ज्याने सावरले, ते पुरुषांनाही सावरील.

दुसरी गोष्ट घरातील पैशाची. भत्ता, मजुरी वा कोणतेही साहाय्य महिन्यातून एकदा येते, आणि पहिल्या आठवड्यात सण व शेवटच्या आठवड्यात उपवास असा प्रकार घडतो. रक्कम आली त्या दिवशीच महिन्याची डाळ व महिन्याच्या गोळ्या घेऊन ठेवाव्यात. ती रक्कम गृहिणीच्या हाती असावी, आणि गृहिणीने आपले ताट शेवटचे असले तरी रिकामे ठेवू नये. तिची प्रकृती हे घराचे भांडवल आहे.

तिसरी गोष्ट हक्काची. राज्य विम्याच्या आजवरच्या रचनेत वर्गणीचे सहा महिने आणि लाभाचे सहा महिने अशी व्यवस्था राहिली. म्हणजे नोकरी गेल्याबरोबर दवाखान्याचा हक्क त्याच दिवशी संपत नसे. पुष्कळांना हे ठाऊकच नसते, आणि नोकरी गेली त्या दिवशी ते कार्ड फेकून देतात. कार्ड जपून ठेवा, कार्यालयात जाऊन चौकशी करा. सीमेपलीकडे कागल, इचलकरंजी, कोल्हापूर येथे काम करणाऱ्यांनी तर विशेष. राज्याच्या योजना सीमेवर थांबतात, केंद्राचा विमा थांबत नाही. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाने १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी ठेवला आहे, त्याचाही लाभ घ्यावा.

चौथी गोष्ट आपल्या मठासाठी, आणि ती मी गुरुजनांपुढे विनंती म्हणून ठेवतो. आपल्या भूमीत शरणांनी कायक व दासोह ही दोन तत्त्वे जोडीने सांगितली. कायक म्हणजे श्रम, दासोह म्हणजे त्या श्रमाच्या फळाचे समर्पण. आयदक्की मारय्याची कथा आपणां सर्वांस माहीत आहे: सांडलेले तांदूळ वेचून आणणे हा त्याचा कायक. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्माने ते परत टाकून यावयास सांगितले. त्या कथेतून आपण निर्लोभतेचा बोध घेतो, तो योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. ते जोडपे दरिद्री होते, तरी मारय्याला रोज सकाळी जावयाचे ठिकाण होते, आणि संध्याकाळी काय आणले हे विचारणारे माणूस घरी होते. पंक्तीला खाली मान घालून बसणाऱ्या आपल्या तरुणांजवळ यांपैकी पहिले नाही. पंक्तीबरोबर त्यांना एखादा कायकही मिळावा. मठाच्या बागेत, गोशाळेत, ग्रंथालयाच्या नोंदींत, पाकशाळेत काम पुष्कळ आहे. ज्याने सकाळी दोन तास काम केले, तो दुपारी पंक्तीला मान वर करून बसेल. वाचनालय पहाटे उघडावे, व्यायामशाळेची किल्ली कोणाजवळ तरी रोज असावी, आणि महिन्यातून एकदा वैद्यांनी येऊन रक्तदाब व साखर तपासावी. यास फार द्रव्य लागत नाही.

कोणी विचारील, एवढ्याने बेकारी हटेल काय? नाही हटणार. काम निर्माण करणे हे राज्याचे व उद्योगधंद्यांचे कर्तव्य आहे, आणि ते त्यांच्याकडून मागून घेणे हे आपले. परंतु काम मिळेपर्यंतचा जो काळ आहे, तो महिन्याचा असो वा वर्षाचा, त्या काळात माणूस मोडू नये एवढे आपल्या हाती आहे. काम उशिरा का होईना, परत मिळते; गेलेले दात, कमावलेला क्षय व जडलेले व्यसन काम मिळाले म्हणून परत जात नाहीत. भत्त्याचे आणि सेवेचे खरे प्रयोजन हेच की, उद्या जेव्हा काम दाराशी येईल, तेव्हा ते करण्यास माणूस उभा असावा.

 ज्याच्या हाताला काम आहे त्याचे आरोग्य राहो, ज्याच्या हाताला काम नाही त्याचेही राहो, आणि दोघांचीही चूल वेळेवर पेटो, एवढी प्रार्थना श्रीगुरुचरणी करून मी माझे भाषण संपवितो.